एका कॉम्प्युटरवर दोन ऑफिस: खोल्या वेगळ्या, पाटी एकच

"जुनं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढ आणि नवीन टाक" असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही, पण ज्याच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेली मॅक्रोवाली (म्हणजे आत छोटा प्रोग्रॅम असलेली) एक्सेल शीट आहे, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय आणि अख्ख्या खात्याचा हिशोब त्या एका शीटवर चालतो, त्याला हा सल्ला देऊन बघा एकदा. तो जुनं ऑफिस काढणार नाही. त्याला नवीनही हवं असतं, कारण बाहेरून येणाऱ्या फाईली नवीन. मग प्रश्न येतो, दोन्ही एकत्र राहतील का?

राहतात. बऱ्यापैकी राहतात. पण काही गोष्टींवरून भांडतात, आणि ते भांडण कशावरून होतं हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळत जातं, म्हणून आधी तेच सांगतो.

त्याआधी एक, जुनं ऑफिस ठेवायची खरंच गरज आहे का ते तपासा. खरी कारणं असतात. ऑफिस २००३ पर्यंत मॅक्रोमध्ये फाईलसर्च नावाची एक सोय होती, फोल्डरमधल्या फाईली शोधून द्यायची, ती २००७ मध्ये काढून टाकली आणि त्यावर उभे असलेले मॅक्रो त्या दिवसापासून एरर द्यायला लागले. अॅक्सेस ९७ मध्ये बनवलेला डेटाबेस अॅक्सेस २०१३ आणि त्यापुढच्यात उघडतच नाही, तो आधी २०१० किंवा त्याच्या आधीच्या अॅक्सेसमध्ये उघडून बदलून घ्यावा लागतो. जुन्या वर्डमधला गणिताची सूत्रं लिहायचा इक्वेशन एडिटर जानेवारी २०१८ च्या सिक्युरिटी अपडेटने काढून टाकला गेला. काहीजण तर फक्त फोटो बघायच्या पिक्चर मॅनेजरसाठी ऑफिस २०१० जपून ठेवतात, तो त्यानंतरच्या ऑफिसमध्ये आलाच नाही. आणि तुम्ही स्वतः मॅक्रो किंवा टेम्पलेट बनवून दुसऱ्यांना देत असाल तर त्यांच्याकडे जी व्हर्जन आहे त्यात टेस्ट करायला ती लागतेच. पण कारण फक्त "मला रिबन (वरची बटणांची पट्टी) आवडत नाही, जुने मेनू बरे होते" एवढंच असेल तर खरं सांगतो, या भानगडीत पडू नका, चार दिवसांत हात बसतो.

आता मूळ मुद्दा. ऑफिसच्या प्रत्येक व्हर्जनला नावातल्या सालाशिवाय आतला एक नंबर असतो. २००३ म्हणजे ११, २००७ म्हणजे १२, २०१० म्हणजे १४ (मधला १३ गाळला, कारण तेरा हा तिकडे अपशकुनी आकडा), २०१३ म्हणजे १५ आणि २०१६ म्हणजे १६. प्रत्येकाचा फोल्डर या नंबरनेच बनतो, ऑफिस११, ऑफिस१४ असा. सेटिंगसुद्धा विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळ्या प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवायची विंडोजची वही) या नंबरखालीच जाऊन बसतात. म्हणजे राहायची खोली वेगळी आणि कपाटही वेगळं. इथपर्यंत कुणाचं कुणाशी भांडण नाही.

पण दारावरची पाटी एकच असते. तुम्ही वर्डच्या फाईलवर डबल क्लिक करता तेव्हा विंडोज रजिस्ट्रीत बघतं की या प्रकारची फाईल कुणाकडे द्यायची, आणि तिथे एकच नाव लिहिलेलं असतं, कुठल्यातरी एका वर्डचा पत्ता. शेवटी जो इन्स्टॉल झाला त्याने आपलं नाव लावलेलं असतं. जुन्या व्हर्जनमधला वर्ड तर याच्यापुढे जातो, तो उघडला की आधी बघतो पाटीवर माझं नाव आहे का, आणि नसेल तर दुसऱ्याचं पुसून स्वतःचं लिहितो. म्हणूनच २००३ वापरून मग २००७ उघडला की "कॉन्फिगर होतंय, थांबा" असा डबा येतो आणि हिरवी पट्टी सरकत राहते, आणि परत २००३ उघडून परत २००७ वर गेलात की परत तोच डबा. ऑफिस बिघडलंय असं वाटून लोक सगळं काढून परत इन्स्टॉल करतात, आणि डबा परत येतो, कारण बिघडलेलं काही नव्हतंच.

यावर औषध आहे. रजिस्ट्रीमध्ये त्या त्या व्हर्जनच्या नंबरखाली वर्ड, त्याखाली ऑप्शन्स, तिथे 'नोरीरेग' नावाची एक डीवर्ड (म्हणजे आकडा ठेवायची) व्हॅल्यू बनवायची (स्पेलिंग इंग्रजी 'नो' आणि 'री-रजिस्टर'चं छोटं रूप, एकत्र लिहिलेलं) आणि तिची किंमत १ करायची. म्हणजे वर्डला सांगितलं की बाबा रे, उघडलास की पाटी बदलायला जाऊ नकोस. हे दोन्ही व्हर्जनसाठी वेगवेगळं करावं लागतं. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी ती एक्स्पोर्ट करून ठेवायची हे सांगायला नको, तरी सांगतो. अॅक्सेसही असाच हट्टी आहे, एक्सेल आणि पॉवरपॉइंट या बाबतीत पुष्कळ शांत.

आणि डबल क्लिक कुणाकडे जावं हे तुम्हालाच ठरवायचं असेल तर? विंडोजच्या रनमध्ये जाऊन हव्या त्या वर्डच्या विनवर्ड फाईलचा पूर्ण पत्ता द्यायचा, पुढे जागा सोडून स्लॅश आणि आर. तो वर्ड स्वतःची नोंद परत करतो आणि बंद होतो. एक्सेलसाठी स्लॅश आर ऐवजी स्लॅश रेगसर्व्हर. फोल्डरचा पत्ता नीट बघून द्या, कारण नुसतं विनवर्ड लिहिलंत तर कुठला उघडेल ते परत त्या पाटीवरच ठरणार.

इथे एक गंमत आहे जी जवळजवळ प्रत्येकाला छळते. फाईलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' मध्ये गेलात तर तिथे दोन वर्ड दिसायला हवेत ना? दिसतो एकच. दुसरा स्वतः शोधून जोडायला गेलात तरी तो यादीत येत नाही, काहीही एरर न देता गुपचूप गायब होतो. कारण विंडोज ही यादी प्रोग्रॅमच्या फाईलच्या नावावरून ठेवतं, फोल्डरवरून नाही, आणि दोन्ही वर्डच्या फाईलचं नाव विनवर्डच. विंडोजच्या नजरेत दोन्ही एकच माणूस. त्यामुळे तिथे डोकं फोडण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा 'सेंड टू' चा फोल्डर उघडा (रनमध्ये शेल, कोलन, सेंडटू), त्यात दोन्ही वर्डचे शॉर्टकट टाका आणि त्यांना सरळ 'वर्ड २००३' आणि 'वर्ड २०१६' अशी नावं द्या. मग राइट क्लिक, सेंड टू, हवा तो वर्ड. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवून फाईल ओढून त्यावर टाकली तरी चालतं. मी स्वतः कित्येक वर्षं सेंड टू वरच काढली, पाटीशी भांडायच्या फंदात पडलोच नाही.

इन्स्टॉल करायचा क्रम आता तुम्हीच सांगाल. आधी सगळ्यात जुनं, मग त्यापुढचं, शेवटी सगळ्यात नवीन. उलटं केलं की जुनं ऑफिस नव्याच्या सामाईक नोंदींवर आपल्या जुन्या नोंदी ठेवतं आणि मग नव्याला रिपेअर मारत बसा. मी एकदा घाईत केलं होतं उलटं, नवीन आधीच होतं आणि एका मॅक्रोसाठी तातडीने जुनं टाकलं, वाटलं काय होणार आहे. तो मॅक्रो चालला. त्या दिवशी दुसरं काहीच धड चाललं नाही.

सेटअपमध्ये अजून एक जागा आहे जिथे लोक फसतात. २००७ आणि २०१० चं सेटअप जुनं ऑफिस दिसलं की 'अपग्रेड' चं बटण समोर धरतं, आणि ते दाबलं की जुनं गेलं. अपग्रेड नाही, 'कस्टमाइझ' घ्यायचं, तिथे अपग्रेडच्या टॅबवर 'आधीच्या सगळ्या व्हर्जन ठेवा' असा पर्याय असतो तो निवडायचा. त्याच टॅबवर अमुक प्रोग्रॅम काढा, अमुक ठेवा असंही सांगता येतं.

फक्त आउटलुक या सगळ्याला अपवाद. आउटलुक एकच राहतो, दोन व्हर्जनचे दोन आउटलुक एका विंडोजवर ठेवायचा नाद करू नका. तो मेल, प्रोफाईल, सर्च अशा विंडोजच्या आतल्या बऱ्याच सामाईक गोष्टींत हात घालून बसलेला असतो, तिथे दुसरा मावत नाही. नवीन आउटलुक ठेवायचा असेल तर जुन्या ऑफिसच्या इन्स्टॉलमधूनच आउटलुक वगळा, कस्टमाइझमध्ये ते करता येतं.

दुसरी अडचण बिटांची. ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिस एकत्र बसत नाहीत, सेटअपच अडवतं. ऑफिस २०१० मध्ये पहिल्यांदा ६४ बिट आलं, त्याआधीची सगळी ३२ बिट, म्हणजे तुम्हाला २००३ किंवा २००७ सोबत ठेवायचं असेल तर नवीन ऑफिससुद्धा ३२ बिटच घ्यावं लागणार. विंडोज ६४ बिट असलं तरी ३२ बिट ऑफिस त्यावर छान चालतं, त्याची काळजी नको. उलट जुने मॅक्रो असतील तर ३२ बिटच बरं, कारण ६४ बिटमध्ये फॉर्मवरची जुनी कंट्रोल्स चालत नाहीत आणि विंडोजला हाक मारणाऱ्या डिक्लेअरच्या ओळी बदलून लिहाव्या लागतात. पण सेटअपला काही सांगितलं नाही तर आताचं नवीन ऑफिस बहुतेक वेळा ६४ बिटच घेतं, त्यामुळे डाउनलोड करतानाच 'इतर पर्याय' बघून ३२ निवडा.

तिसरी अडचण नवीन लोकांना कळत नाही कारण ती नावात दिसत नाही. २०१६, २०१९, २०२१ आणि वर्गणीवालं ३६५, नावं चार पण आतला नंबर सगळ्यांचा १६. म्हणजे खोली एकच, कपाटही एकच. त्यामुळे २०१६ आणि २०१९ शेजारीशेजारी ठेवीन असं म्हणाल तर ते होत नाही. त्यात इन्स्टॉल करायच्या पद्धती दोन, एक जुनी विंडोज इन्स्टॉलरवाली आणि दुसरी क्लिक-टू-रन, जी नेटवरून फाईली ओढत आणते आणि ऑफिसला आपल्या एका वेगळ्या थरात चालवते. २०१९ पासून फक्त क्लिक-टू-रनच. एकाच नंबरचं एक उत्पादन या पद्धतीचं आणि दुसरं त्या पद्धतीचं, असं चालत नाही. यात ऑफिसपेक्षा व्हिजिओ आणि प्रोजेक्टवाले जास्त अडकतात, ३६५ टाकलेलं असतं, जुन्या पद्धतीचं व्हिजिओ २०१६ टाकायला जातात आणि सेटअप तोंडावर नाही म्हणतं. नंबर वेगळे असतील, समजा २०१० आणि ३६५, तर पद्धत वेगळी असूनही बहुतेक वेळा निभतं.

आता सामाईक गोष्टींची अजून एक यादी, जी त्रास हळूहळू देते. वर्डची नॉर्मल टेम्पलेट, जिच्यावरून प्रत्येक कोरं पान बनतं, ती २००३ पर्यंत जुन्या प्रकारची फाईल होती आणि २००७ पासून नव्या प्रकारची, म्हणून २००३ आणि २०१६ यांची टेम्पलेट वेगवेगळी राहते. पण २०१० आणि २०१६ असतील तर दोघांची टेम्पलेट एकच! इकडे फॉन्ट बदललात तर तिकडे बदलला. दोन्ही वर्ड एकदम उघडे असतील तर बंद करताना एक म्हणतो टेम्पलेट दुसऱ्याने धरून ठेवलीय, सेव्ह करू कुठे. एक्सेलमध्ये हेच पर्सनल वर्कबुकबद्दल (आपले नेहमीचे मॅक्रो ठेवायची फाईल) होतं, दुसरा एक्सेल उघडला की ती लॉक आहे म्हणून सांगतो. आणि अॅडइन, म्हणजे ऑफिसला वरून जोडलेल्या जादा सोयी! सेटिंग नंबरखाली असतात म्हटलं ना, पण ज्यांना कॉम अॅडइन म्हणतात त्यांची नोंद नंबरशिवाय, सरळ ऑफिस, एक्सेल, अॅडइन्स अशी होते, म्हणून एका एक्सेलसाठी टाकलेलं अॅडइन सगळ्या एक्सेलमध्ये घुसतं. जुना एक्सेल अचानक उघडताना अडखळायला लागला तर आधी हे बघा, नवीन कुठलं अॅडइन टाकलंय का अलीकडे.

मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी थोडं थांबतो, कारण खरा मनस्ताप इथे आहे. अॅक्सेसमधून एक्सेल उघडायचा तर आपण क्रिएटऑब्जेक्ट लिहितो आणि एक्सेल डॉट अॅप्लिकेशन म्हणतो. कुठला एक्सेल येतो? पाटीवर ज्याचं नाव तो. मग हुशार माणूस विचार करतो की पुढे डॉट १४ लावलं की २०१० येईल. नाही येत. डॉट ११ म्हणा, डॉट १४ म्हणा, आतमध्ये ही सगळी नावं एकाच ओळख-क्रमांकाकडे बोट दाखवतात आणि त्या क्रमांकापुढे पत्ता एकच लिहिलेला असतो. अर्धा दिवस घालवल्यावर मला हे कळलं होतं, म्हणून तुमचा वाचवतो. ठराविक एक्सेलच हवा असेल तर शेल वापरून त्याच्या फाईलचा पूर्ण पत्ता देऊन उघडायचा आणि मग गेटऑब्जेक्टने पकडायचा, आधी बाकीचे एक्सेल बंद करून, नाहीतर भलताच हातात येतो. आणि लगेच पकडायला गेलात तर एरर येते, कारण नुकताच उघडलेला एक्सेल स्वतःवरचा फोकस एकदा दुसरीकडे गेल्याशिवाय 'मी चालू आहे' अशी नोंद करत नाही. हातात आलेला कुठला हे त्याची व्हर्जन विचारून खात्री करा, १४.० की १६.० ते लगेच सांगतो.

रेफरन्सचंही असंच. मॅक्रोमध्ये आउटलुक किंवा वर्डची लायब्ररी जोडलेली असते, ती फाईल नव्या ऑफिसमध्ये उघडून सेव्ह केली की रेफरन्स गुपचूप नव्या नंबरवर चढतो. खाली मात्र उतरत नाही. मग तीच फाईल जुन्यात उघडली की यादीत 'मिसिंग' लिहून येतं आणि गंमत म्हणजे त्याचा ज्याच्याशी काही संबंध नाही अशा साध्या, तारीख काढण्याच्या वगैरे ओळींवर एरर येते. उपाय, रेफरन्स जोडूच नका, क्रिएटऑब्जेक्टने उशिरा, म्हणजे मॅक्रो चालतानाच, बांधा, आणि तेही जमत नसेल तर मॅक्रोत बदल नेहमी सगळ्यात जुन्या व्हर्जनमध्येच करा. हा नियम मी भिंतीवर चिकटवून ठेवला होता.

फाईली दोन्हींत फिरवताना एक लक्षात असू द्या, २००३ च्या एक्सेलमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम, २००७ पासून १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. मोठी शीट जुन्या प्रकारात सेव्ह केली की खालचं सगळं कापलं जातं. इशारा येतो, पण इशाऱ्याच्या डब्यावर न वाचता ओके दाबायची सवय सगळ्यांनाच असते.

हे सगळं वाचून "नको रे बाबा" वाटलं असेल तर दुसरा मार्ग आहे आणि मला विचाराल तर बहुतेकांसाठी तोच बरा, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स किंवा विंडोज प्रोमधलं हायपर-व्ही घ्यायचं, त्यात एक वेगळं विंडोज टाकायचं आणि जुनं ऑफिस त्यात बसवायचं. आता घरच वेगळं, त्यामुळे पाटी वेगळी, आउटलुकही चालेल आणि ६४ बिटशीही भांडण नाही. मेमरी आणि डिस्क जास्त खातं, आतल्या विंडोजचं आणि ऑफिसचं लायसन्स वेगळं लागतं, पण बिघडलं तर स्नॅपशॉटवर (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत जाता येतं ही सोय मोठी आहे. शिवाय सुरक्षा. २००३ चा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, २००७ चा ऑक्टोबर २०१७, २०१० चा ऑक्टोबर २०२०, २०१३ चा एप्रिल २०२३ आणि २०१६, २०१९ दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच राहतात. व्हर्च्युअल मशीनचं नेट बंद करून ठेवलं की निदान बाहेरून आलेली फाईल जुन्या वर्डमध्ये चुकून उघडली तरी नुकसान आतल्या आत राहतं. विंडोज सँडबॉक्स मात्र या कामाचा नाही, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, रोज ऑफिस इन्स्टॉल करत बसायचं का?

लिबरऑफिस हे फुकट मिळणारं दुसरं ऑफिस वापरणाऱ्यांचं आयुष्य सोपं. ते मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसशेजारी काही न बोलता राहतं, फक्त इन्स्टॉल करताना वर्ड-एक्सेलच्या फाईली माझ्याकडे घेऊ का असं विचारतं तिथे नाही म्हणायचं. त्याच्याच दोन व्हर्जन हव्या असतील तर नेहमीचं सेटअप जुनी काढून नवी बसवतं, म्हणून दुसरी व्हर्जन पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) घ्यायची, किंवा इन्स्टॉलर फाईल एमएसआयएक्सेक कमांडला स्लॅश ए लावून एका फोल्डरमध्ये नुसती उलगडायची आणि तिथल्या बूटस्ट्रॅप फाईलमध्ये यूझर प्रोफाईलचा पत्ता वेगळा लिहायचा. हा पत्ता बदलायला विसरलात तर दोन्ही एकाच प्रोफाईलवर बसतात आणि दुसरी उघडायला गेलं की पहिलीच खिडकी पुढे येते. लिनक्सवर अॅपइमेज मिळतं, एक फाईल म्हणजे एक व्हर्जन, हव्या तेवढ्या ठेवा.

राहिलं काढून टाकणं. दोनपैकी एक ऑफिस काढलं की जाताना ते पाटीही उपटून नेतं, आणि मग उरलेलं ऑफिस ठणठणीत असूनसुद्धा फाईलींचे आयकॉन पांढरे होतात, डबल क्लिकला विंडोज विचारतं कशाने उघडू. घाबरून उरलेलंही काढू नका. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन त्याला 'चेंज' आणि मग 'रिपेअर' द्या, एकदा रीस्टार्ट करा, तो आपली पाटी परत लावतो. आणि नोरीरेग लावलं होतं ना, तेही आता काढा.